तुमच्या पेठेत, हद्दवाढीत, गावात वारं कुठलं? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

जुना बोळकर (धागाकर्ता)

2024 नं सोलापुरात गंमत करून ठेवलीय. 7 मेला लोकसभेचं मतदान झालं, काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या आणि भाजपचे राम सातपुते पडले. नोव्हेंबरात त्याच मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा भाजपनं घेतल्या, एकटं मोहोळ शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडं गेलं. माणसं तीच, याद्या जवळपास त्याच. मधे गेला तो एक पावसाळा आणि लाडक्या बहिणीचे हप्ते.

टीव्हीवरचे लोक 'शहरी मतदार', 'ग्रामीण मतदार' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडं तेवढ्यानं भागत नाही. पूर्व भागाची तऱ्हा वेगळी, बाळीवेस-कसब्याची वेगळी, जुळे सोलापूरची आणखी तिसरीच. अक्कलकोट रोडनं पुढं गेलं की बोलणंच कानडी होतं. तेव्हा आपापल्या भागात काय बघितलं ते लिहा. कोकणातून, मुंबईच्या उपनगरातून इकडं आलेल्यांनी तर नक्की लिहा. मत कुणाला दिलं ते विचारत नाही. प्रचार करायचाच असेल तर गावात चौक भरपूर आहेत.

कांडीवाला

दत्त नगरच्या मागची गल्ली. घरात तेलुगू, दारात मराठी. आई विडी वळायची. पान भिजवून कातरीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, जुड्या करून कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं तपासणारा बोटानं दाबून दाबून बघतो आणि पसंत नाही ती विडी बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत. एखाद्या दिवशी छाट फारच निघाली की बाया टोपल्या काखेत घेऊन थेट लाल बावट्याच्या, म्हणजे कामगार युनियनच्या ऑफिसात. मार्क्स कोण हे आईला आजही माहीत नाही. छाट कमी करून देतो तो आपला, संपलं.

म्हणून लाल बावट्याचे, माकपचे नरसय्या आडम मास्तर 1978, 1995 आणि 2004 ला आमदार झाले. कुंभारीला विडी कामगार बायांसाठी 10 हजार घरं उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. आता बघा, कुंभारी मास्तरांच्या शहर मध्य मतदारसंघाच्या बाहेर. ज्या बाया मास्तरांसाठी रांगेत उभ्या राहायच्या त्यातल्या कित्येक जणी घर मिळाल्यावर मतदारसंघातूनच गेल्या. 2009 पासून मास्तर विधानसभेला पडतायत, त्याला हे एकच कारण नाही, पण आमच्या गल्लीत बसून मला हे मोठं दिसतं.

आणि 19 जानेवारी 2024. कुंभारीच्याच रे नगर या कामगार वसाहतीच्या 30 हजारांपैकी पहिल्या 15 हजार घरांच्या चाव्या द्यायला पंतप्रधान मोदी स्वतः आले. लाल बावट्यानं झगडून आणलेली योजना आणि समोर भगव्या टोप्या. आमच्या शेजारची अक्का दोन्ही झेंड्यांना हात जोडून आली. तिला त्यात काहीच अवघड वाटलं नाही.

बाळीवेस

आमच्याकडं असलं काही नाही. शहर उत्तर मतदारसंघ म्हणजे 2004 पासून भाजपचे विजयकुमार देशमुख. निकालाच्या दिवशी लोक किती मतांनी एवढंच विचारतात. व्यापार, सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नात्यागोत्यातली लग्नं, सगळं एकात एक गुंतलेलं.

तरीपण एक सांगतो. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी पाडली. त्या दिवशी आमच्या कट्ट्यावर जन्मापासून कमळ दाबणारी माणसं आपल्याच पक्षाला शिव्या घालत होती. कारण कारखान्याचा शेअर घरात, ऊस सासरवाडीचा. मला वाटलं, आता काही खरं नाही. पुढच्या वर्षी कारखान्याचे धर्मराज काडादी दक्षिण सोलापूरमधून विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि पडले. राग खरा होता ओ, पण तो दक्षिणच्या यादीत नव्हता, आमच्या कट्ट्यावर होता. सभासद एकीकडं, मत दुसरीकडं.

सैफुलची ताई

जुळे सोलापूर. आमच्या अपार्टमेंटमध्ये मूळ सोलापूरचं म्हणावं असं घर शोधावं लागेल. मंगळवेढ्याचे गुरुजी, मोहोळचे बँकेतले काका, इंडीचं एक जोडपं. अपार्टमेंटच्या ग्रुपवर सकाळी सुविचार, दुपारी देशभक्ती. तो वाचून कुणी म्हणेल अख्खी बिल्डिंग एकाच पक्षाची.

पण 7 मेला सकाळी पार्किंग रिकामं! अर्ध्या लोकांची नावं अजून गावच्या यादीत. आमच्या शेजारचे भाऊजी ग्रुपवर राष्ट्रहिताचे फॉरवर्ड टाकणारे पहिले. ते मोहोळ तालुक्यात गेले आणि भावकीनं ठरवलं तिकडं देऊन आले. कारण विचारलं तर म्हणाले, "कांदा." डिसेंबर 2023 ला निर्यात बंद झाली ती मतदानाच्या तोंडावर, 4 मेला उठली. सोलापूरच्या मार्केट यार्डात त्या हंगामात काय भाव मिळाला ते ज्याच्या शेतात कांदा होता त्याला विचारा. आमच्या तिसऱ्या मजल्यावर त्याची झळ बाजारातला कांदा स्वस्त झाला एवढीच.

म्हणून मला उपनगराचा कल वगैरे म्हटलं की हसू येतं. इथं झोपतो एक माणूस, मत देतो दुसरा. ज्यांची नावं इकडं आलीत ते मात्र गाव विसरतात. त्यांना रस्ता, ड्रेनेज आणि पाणी किती दिवसांआड, एवढंच दिसतं. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळ चार-पाच दिवसांनी, हे सगळ्या पक्षांच्या काळात बघून झालंय.

देवगडची सून

मी माहेरची सिंधुदुर्गातली. लग्न होऊन इकडं आले तेव्हा पहिली निवडणूक मला कळलीच नाही. सासरे जेवताना म्हणायचे, "अमका कारखान्यात आमचा, दूध संघात त्यांचा, लोकसभेला बघू." आमच्याकडं साखर कारखाना नाही, दूध संघाचं एवढं प्रस्थ नाही. आंबा-काजूच्या बागा, त्याही वाटण्यांनी तुकडे झालेल्या. मोठ्या सोसायट्यांच्या जोरावर गाव बांधून ठेवणारा पुढारी तिथं तयार होणार कसा? आमचं राजकारण मुंबईहून एसटीनं यायचं. चाकरमानी गणपतीला आला की शिवसेना घेऊन यायचा. त्याच्या आधी आजोबांच्या पिढीत नाथ पै आणि मधु दंडवते, समाजवादी. भाषण ऐकायला चार मैल चालत जाणारी माणसं होती, असं आई सांगते.

2024 च्या लोकसभेला इकडं सोलापूर आणि माढा दोन्ही महायुतीच्या हातून गेले, तिकडं किनाऱ्यावर रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यांनी जिंकले. नणंद म्हणाली, तुमचे कोकणी लोक असे कसे? म्हटलं, आमच्याकडं कांदा नाही आणि मराठा आरक्षणाची धगही इकडच्यासारखी नव्हती. पण सगळा किनारा एकसारखा समजू नका. अलिबागकडं शेकाप होता आणि तुमच्या सांगोल्यातही शेकापच, गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. एकीकडं खाडी, एकीकडं दुष्काळ. पावसावरून पक्ष ठरत नाही म्हणायचं.

माळशिरसकर

सांगोल्याचं नाव निघालंच आहे म्हणून. जिल्ह्यात अकरा जागा. नोव्हेंबर 2024 ला राज्यभर महायुतीची लाट असताना आमच्याकडं करमाळा, माढा, माळशिरस, मोहोळ शरद पवार गटाला, बार्शी ठाकऱ्यांच्या सेनेला, सांगोला पुन्हा शेकापला. नकाशा काढला तर शहर, अक्कलकोट, दक्षिण, पंढरपूर एका रंगात आणि बाकीचा जिल्हा दुसऱ्या. आमच्या तालुक्यातल्या मारकडवाडी गावानं तर निकालावर विश्वास नाही म्हणून कागदी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं ठरवलं होतं. पोलिसांनी होऊ दिलं नाही. ह्याला शहाणपणा म्हणा नाहीतर हट्ट, पण असलं जुळे सोलापुरात होणार नाही.

नई जिंदगी

आमच्या मुस्लिम मोहल्ल्यांबद्दल सगळे गृहीत धरून बोलतात. 2014 आणि 2019 ला शहर मध्यमध्ये एमआयएमचा उमेदवार दुसरा होता, 2017 ला महापालिकेत त्यांचे नऊ नगरसेवक. आणि लोकसभेला त्याच गल्ल्या काँग्रेसकडं. महापालिकेला गटारीचा माणूस बघतो, दिल्लीला वेगळा हिशेब. तुमच्या अपार्टमेंटपेक्षा आमची गल्ली जास्त विचार करून बटन दाबते बे, पण पेपरात छापून येतं 'एकगठ्ठा'.

पुण्यात अडकलेला

हिंजवडी. सोलापूरच्या मतदार यादीतलं नाव काढलेलं नाही, पुण्यात घातलेलं नाही. निवडणूक आली की गावाकडून फोन येतो, "गाडी लावलीय, ये." गाडी कुणी लावली ते चढल्यावर कळतं.

खडू-फळा

2017 ला महापालिकेच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर ड्युटी होती. नवीन लोकांना माहीत नसेल तर, तेव्हा बहुतेक प्रभाग चार जणांचे. मतदारानं चार मतं द्यायची. चारही दिली, नको असेल तिथं नोटा दाबलं, तरच मोठा आवाज व्हायचा. म्हाताऱ्या बाया एक बटन दाबून बाहेर यायच्या, आम्ही परत आत पाठवायचो. "आमच्या माणसाला दिलं की!" "आजी, अजून तीन राहिलेत." "ते तुम्हीच द्या की."

त्या निवडणुकीत 102 पैकी भाजप 49, शिवसेना 21, काँग्रेस 14, एमआयएम 9, राष्ट्रवादी 4, बसपा 4, माकप 1. म्हणजे बहुमत कुणालाच नाही. केंद्राबाहेरच्या टेबलांवर प्रत्येक पक्ष सांगत होता, 'चारीला एकच दाबा'. आणि रांगेतली माणसं स्लिपेच्या मागं पेननं लिहून आणलेली: अ ला हा, ब ला ती, क ला शेजारचा, ड ला कुणीही. एका स्लिपेवर तीन पक्ष मी डोळ्यांनी बघितलेत. ती स्लिप विसरून गेलेला माणूस धापा टाकत परत घ्यायला आला, कारण घरातली बाकीची चार मतं तीच बघून द्यायची होती.

कांडीवाला

@खडू-फळा, केंद्र कुठलं ते नका सांगू. आमच्या घरी त्या दिवशी असाच कागद आणायला मी परत पळालो होतो.