साठेबाज कोणाला म्हणता?

पिक्सेलपंत:
परवा एका महाशयांनी लिहिलं, "रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर दहा हजार रोम (जुन्या गेमच्या फाइली) भरणारे गेमर नव्हेत, साठेबाज. खेळायचं तर मूळ कन्सोलवर." सोडून देणार होतो, पण राहवलं नाही. अहो, तुमच्या मूळ कार्ट्रिजमधली, म्हणजे गेमच्या डबीतली, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) एका गोल बॅटरीच्या जिवावर असते. माझी बॅटरी मेली ती शेवटच्या बॉसच्या दारात. चाळीस तास पाण्यात. आणि सोनीने 2018 मध्ये जुन्या प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती, प्लेस्टेशन क्लासिक, काढला, त्याच्या पोटात काय होतं? पीसीएसएक्स रीआर्म्ड, म्हणजे हौशी लोकांनी लिहिलेला इम्युलेटर, जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम! कंपनीने केला तर वारसा, मी केली तर साठेबाजी?

कार्ट्रिजकाका:
महाशय मीच. क्लासिकचं नाव काढून धोंडा स्वतःच्याच पायावर (रास्पबेरीच्या नव्हे) मारून घेतलात. त्यातले वीसपैकी नऊ गेम 50 हर्ट्झच्या पाल आवृत्तीचे (युरोपातल्या टीव्हीसाठीचे, सेकंदाला 60 ऐवजी 50 चित्रं) होते. केवढी बोंब झाली आठवतंय ना? आणि तुमच्या एलसीडीवर डक हंट हा बंदुकीने बदकं टिपायचा गेम खेळून दाखवा. ट्रिगर ओढला की पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, झॅपर, म्हणजे गेमची बंदूक, तो उजेड टिपते. एलसीडीला तेवढ्यात उशीर होतो, नेम चुकतो आणि गेममधला कुत्रा हसतो.

मंदगती:
50 हर्ट्झ म्हणालात म्हणून. मी सॉनिक हा धावण्याचा गेम पाल कन्सोलवर शिकलो. पुढे इम्युलेटरवर 60 ला लावला तर पहिल्याच उतारावर मेलो. माझं अख्खं बालपण सहाव्या हिश्शाने हळू गेलं! काका, तो कन्सोल अस्सल होता ना? मग वेग का खोटा?

कार्ट्रिजकाका:
त्यात कन्सोलचा काय दोष? पाल प्रदेशात विकणाऱ्यांनी आळस केला.

मंदगती:
म्हणजे अस्सल यंत्रावर चुकीचा वेग आणि नकली यंत्रावर बरोबर. धन्यवाद, माझं झालं.

कार्ट्रिजकाका:
झालं काय? त्याच सॉनिकमधला धबधबा बघा. उभ्या पट्ट्या काढल्यात, जुन्या टीव्हीच्या कॉम्पोझिट केबलवर त्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसतं. एचडीएमआयवर तुरुंगाचे गज.

पिक्सेलपंत:
शेडर नावाची चीज असते हो, जुन्या पडद्यासारखं चित्र करून देणारा फिल्टर.

कार्ट्रिजकाका:
नाटकी पावडर.

वीवाला:
दोघेही ओरडू नका. निन्टेंडोचा जुना वी कन्सोल मॉड केला (बाहेरचे प्रोग्राम चालतील असा बदलला), ट्यूब टीव्हीला जोडला, थेट 240पी, म्हणजे जुन्या गेमचं मूळ चित्र, मिळतं. रोमही चालतात, पट्ट्याही मिसळतात. रास्पबेरी पाय आमच्याकडेही होता. धाकट्याने चालू असताना प्लग उपटला, एसडी कार्ड गेलं, सगळ्या सेव्ह गेल्या. बॅटरीला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पिक्सेलपंत:
बॅकअप घेतला नाही हा इम्युलेटरचा गुन्हा?

कार्ट्रिजकाका:
बॅकअपवरून सांगतो. बॅटरी बदलण्याआधी सेव्ह डंप करायची, म्हणजे संगणकावर उतरवून घ्यायची असते, पंत. मी प्रत्येक कार्ट्रिजची करतो.

पिक्सेलपंत:
आणि डंप नीट उतरली की नाही, ते कशावर तपासता?

कार्ट्रिजकाका:
...इम्युलेटरवर. पण दहा मिनिटांच्या वर नाही.

मंदगती:
50 वर की 60 वर?