‘धाक’ या शब्दात भीती किती आणि आदर किती?

रामबागकर : आमच्या इंदुरातील ज्येष्ठांच्या वाचनमंडळात येत्या रविवारी मला इटालियन राजकीय विचारवंत माक्याव्हेल्लीवर बोलायचे आहे. त्याने १५१३ मध्ये लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर १५३२ मध्ये छापल्या गेलेल्या ‘द प्रिन्स’ या ग्रंथाच्या १७ व्या प्रकरणातील प्रसिद्ध प्रश्न मी ‘राज्यकर्त्यावर लोकांचे प्रेम असावे, की लोकांना त्याचा धाक असावा?’ असा उतरवला होता. पुण्याहून आलेल्या वहिनींनी तो वाचून सांगितले की, धाक घरात वडिलांचा असतो, राजाची असते ती भीती. उलट, हिंदी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलाला या वाक्यात विरोधच दिसेना, कारण ‘शहर में उनकी धाक है’ हे त्याच्या कानाला कौतुक वाटते. (त्याच्या तोंडी शब्दाचे लिंगही बदलले आहे, हा आणखी एक मनस्ताप.) तर येथे कोणता शब्द योजावा?

निवृत्त शिक्षिका : वहिनींचे म्हणणे निम्मे खरे आहे. ज्याचा धाक असतो त्याच्याच घरात आपल्याला राहायचे असते, म्हणून धाकात भीतीबरोबर थोडी आपुलकीही मुरलेली असते. वचक असतो तो चुकणाऱ्यावर किंवा चोरावर. दरारा माणूस समोर नसतानाही जाणवतो, जरब आवाजात किंवा नजरेत असते, आणि दहशत गुंडाची. अहिल्याबाईंचेच पाहा. लुटालूट करणाऱ्या भिल्लांबाबत त्यांनी आधी सौम्य उपाय करून पाहिले, ते निष्फळ ठरल्यावर कठोर शासन केले, आणि तरीही येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर ‘भीलकवडी’ नावाचा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क राहू दिला, असे ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने नोंदवले आहे. याला मी ‘लुटारूंवर वचक’ म्हणेन. परंतु ‘रयतेला अहिल्याबाईंचा धाक होता’ हे वाक्य माझ्या हातून लिहिले जाणार नाही.

तत्समप्रेमी : इतकी धडपड कशासाठी? कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की, तीक्ष्ण दंड करणारा राजा लोकांना उद्वेजनीय होतो, मृदू दंड करणाऱ्याचा अवमान होतो आणि यथायोग्य दंड करणारा पूज्य ठरतो. ‘प्रिय की उद्वेजनीय?’ असे लिहावे. शब्द आपलाच आहे, शिवाय विशेषण आहे; ‘ज्याची भीती वाटते असा’ हे लांबण लावावे लागत नाही.

रामबागकर : विशेषणाची अडचण आपण अचूक ओळखलीत, पण हा उपाय मला उलटा वाटतो. उद्वेजनीय म्हणजे ज्याला लोक विटतात, ज्याच्यापासून दूर पळतात तो. माक्याव्हेल्लीचा सारा आटापिटा तर हे सांगण्यासाठी आहे की, भीती असावी, मात्र द्वेष नसावा; म्हणून राजाने प्रजेच्या मालमत्तेला आणि स्त्रियांना हात लावू नये, कारण वडिलांचा मृत्यू माणसे एक वेळ विसरतील, वडिलोपार्जित मिळकत गेलेली विसरणार नाहीत. आपला शब्द घेतला तर त्याने टाळलेला राजाच माझ्या वाक्यात येऊन बसेल. मंडळातील सरासरी वय सत्तरीच्या पुढे आहे, हेही लक्षात घ्यावे. ‘उद्वेजनीय’ शब्दाशी निम्मे लोक अडतील आणि उरलेले चहाकडे वळतील.

नाणेसंग्राहक : शिक्षिकाबाईंनी ‘जरब’ ओझरती उल्लेखून सोडली, म्हणून लिहितो. हा शब्द अरबी ‘ज़र्ब’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ ठोका. होळकरांच्या जुन्या रुपयांवर बादशहा शाहआलमचे नाव आणि टांकसाळीच्या नावाआधी हाच ‘ज़र्ब’ फारसी लिपीत आढळतो. तेथे त्याचा अर्थ ‘या गावी ठोकलेले’ एवढाच. धातूवर बसणारा ठोका मराठीत मनावर बसला, ही मला आपल्या भाषेची मोठीच करामत वाटते. राज्यकर्त्याला ‘जरब’ हाच शब्द शोभेल.

तत्समप्रेमी : करामतही अरबीच! शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करविला तो याचसाठी ना?

नाणेसंग्राहक : महाराजांच्या कोशानंतरही ‘जरब’ टिकून राहिली, यातच तिची जरब दिसते.

वाचक, तुकोगंज : ‘धाकटा’ हा शब्दही ‘धाक’वरूनच आला असावा, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. ज्याला सर्वांचा धाक, तो धाकटा.

निवृत्त शिक्षिका : ऐकायला गोड असली, तरी ही व्युत्पत्ती मला पटत नाही. आमच्या घरी धाकट्या नणंदेचाच सर्वांना धाक होता, सासूबाई धरून.

रामबागकर : माझे वाक्य अजून तसेच अधांतरी आहे. तूर्त ‘प्रेम की धाक’ असेच ठेवून, वचक आणि धाक यांतील शिक्षिकाबाईंचा भेद आधी समजावून सांगावा म्हणतो. ‘धाक’ शब्दाने वहिनी रागावतील.

नाणेसंग्राहक : माझ्याकडे मल्हारनगर (म्हणजे इंदूर) टांकसाळीचा एक रुपया आहे, पण त्यावरील सालाचा शेवटचा अंक घासला गेला आहे. आपल्या मंडळात कोणी फारसी वाचणारे असल्यास रविवारी घेऊन येऊ का?