क्रीम चीजला ठेचा चालतो की नाही?

गोदाकाठ
मुलगी पुण्याहून आली आणि जाताना फ्रीजमध्ये क्रीम चीजचा डबा ठेवून गेली. "बाबा, टोस्टवर लावून खा." खाल्लं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, जरासं आंबट, जरासं खारट. छान आहे, पण पुढे काय? मग तव्यावर चार हिरव्या मिरच्या आणि लसूण परतला, जाडं मीठ आणि शेंगदाणे घालून खलबत्त्यात ठेचला. बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा उचलला, आत क्रीम चीज, वर ठेचा. खरं सांगतो, दोन भाकरी कशा संपल्या कळलं नाही. लेकीला फोटो पाठवला तर म्हणते, "बाबा, हे पाप आहे." तिखटाशिवाय हा पदार्थ अर्धवट आहे असं माझं ठाम मत. तुम्ही बोला.

कॉलेज रोडची सून
काका, पाप नाही, उधळपट्टी आहे. क्रीम चीजची चव इतकी हळू असते की ठेच्यापुढे ती ऐकूच येत नाही. तुम्ही भाकरीत साईचं दही भरलं असतं तरी तेवढंच "वा" म्हणाला असता. कडक भाजलेला ब्रेड, बोटभर जाड थर आणि फार तर मिरपूड. संपलं.

पंचवटीकर
अहो, कसलं क्रीम चीज नि काय! चक्का आहे तो. रात्री दही फडक्यात बांधून खुंटीला टांगा, सकाळी तयार. त्या इवल्या डब्याच्या पैशात घरभर श्रीखंड होतं.

ओव्हनवाली ताई
पंचवटीकर, हात जोडते, चक्का नाही तो! मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. पैसे वाचवायला एकदा चक्क्याचा चीजकेक केला. वरून भेगा, आत रवाळ, आणि आंबट इतका की गिऱ्हाइकाला दुसरा करून द्यावा लागला.

चक्का म्हणजे दही लावून पाणी काढलेलं. क्रीम चीजमध्ये विरजण लावायच्या आधीच दुधात भरपूर क्रीम घालतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात किमान 33 टक्के दुधाचं फॅट लागतं आणि पाणी 55 टक्क्यांच्या वर चालत नाही. नुसत्या म्हशीच्या दुधाच्या चक्क्यातही एवढं फॅट येत नाही. शिवाय ते गरम असतानाच घोटून एकजीव करतात, बहुतेक वेळा थोडा डिंकही असतो, म्हणून ते असं लोण्यासारखं पसरतं.

आणि खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. मी पहिल्यांदा फ्रीजमधून काढून थेट फेटलं होतं. साबुदाण्याएवढ्या गुठळ्या, शेवटपर्यंत मोडल्या नाहीत.

सातपूर ते न्यू जर्सी
सहा वर्षं तिकडे काढली, आता घरी परत. क्रीम चीजचं मूळही तिकडचंच. 1870 च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या दूधवाल्या कारखानदाराने फ्रेंच न्यूशातेल चीजमध्ये क्रीम वाढवलं. पुढे 1880 मध्ये त्याला 'फिलाडेल्फिया' नाव दिलं, ते फक्त त्या शहराच्या दुधातुपाचा लौकिक होता म्हणून. तिकडे ते बेगलवर, म्हणजे कड्यासारख्या गोल पावावर, खातात. बेगल आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात, म्हणून चिवट. वर खारवलेला सामन मासा, कांदा, केपर्स, म्हणजे खारवलेल्या आंबटसर कळ्या. म्हणजे काका, खारट आणि झणका देणारं काहीतरी वर हवंच असतं. मी ठेच्याच्या बाजूने. फक्त आपला पाव नको, फार मऊ पडतो.

कॉलेज रोडची सून
केपर्स आणि ठेचा एकाच पंगतीत बसवलेत! सामन खाल्ल्यावर डोळ्यांतून पाणी येतं का?

द्राक्षबाग
भांडा तुम्ही. आमच्या पिंपळगावकडे फेब्रुवारीत द्राक्षं उतरायला लागली की थॉमसन मधोमध चिरायची, टोस्टवर क्रीम चीज, वर द्राक्षं, चिमूटभर मिरपूड. ना ठेचा ना सामन.

गोदाकाठ
ताई, अर्ध्या तासाचं आधी सांगायला हवं होतं. सूनबाईंना एक कबूल करतो: भाकरी तव्यावरून थेट घेतली होती, चीज वितळून कोपरापर्यंत ओघळलं. फोटो त्याआधीचा आहे. कोमट भाकरीवर परत करून बघितलं, तेव्हा चीजची चव जरा जास्त कळली. पण ठेचा सोडणार नाही. थोडा कमी करेन.

कॉलेज रोडची सून
कमी म्हणजे किती?

गोदाकाठ
तीन मिरच्या.

ओव्हनवाली ताई
पेठ-सुरगाण्याकडची नागली मिळाली तर तिचा पापड भाजून त्याच्याबरोबर खा. कुरकुरीत, मातकट चव, आणि क्रीम चीज थंडच राहतं. दोन्ही पार्ट्यांना चालेल. उरलं तर फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका, नंतर फुटून रवाळ होतं.

गोदाकाठ
उरण्याचा प्रश्न मिटला. आत्ता स्वयंपाकघरात गेलो तर आमच्या हिने डब्यातलं राहिलेलं चक्का समजून साखर, वेलची घालून फेटून ठेवलंय. समोर वाटी आहे. खारट श्रीखंड.

पंचवटीकर
वहिनींना माझा नमस्कार सांगा. कसं लागतंय?

गोदाकाठ
जायफळ कमी पडलंय.