मागणीनुसार मिनीबस : पत्राचा मसुदा

बी-304: मसुदा वाचला. ‘मागणीनुसार बससेवेसाठी निधी द्यावा’, एवढंच? म्हणजे ठरला मार्ग नाही, प्रवाशाने बुकिंग केलं की गाडी येते, हेही त्यात नाही. मागचं मोघम पत्र कुठे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

सचिव: ताई, मसुदा तीन दिवस ग्रुपवर होता. असो, सांगा.

बी-304: गाड्या घ्यायला पैसे एकदाच लागतात. चालक, इंधन, देखभाल, बुकिंगचे फोन घेणारी माणसं हा खर्च रोजचा. चाचणीचा निधी संपला की गाड्या उभ्या राहतात. तेव्हा चालवण्याचा खर्च निदान तीन वर्षांसाठी मागा.

ए-102: एवढी यातायात कशाला? टॅक्सीच्या भाड्यात सवलत द्या, विषय संपला.

सी-501: काका, कॅनडात इनिसफिल नावाच्या गावाने 2017 मध्ये हेच केलं. बस न घेता उबरच्या भाड्यात सवलत. प्रवासी वाढले तसं अनुदानही वाढत गेलं. 2019 मध्ये भाडं वाढवून महिन्याला 30 फेऱ्यांची मर्यादा घालावी लागली. ठरल्या मार्गाच्या बसमध्ये रिकाम्या सीटवर कोणी बसलं तर खर्च तेवढाच राहतो. मागणीनुसार सेवेत माणसं वाढली की गाड्या वाढवाव्या लागतात.

डी-203: गेटसमोर कोणाची गाडी आहे? काढा.

बी-304: दादा, पार्किंगचा ग्रुप वेगळा आहे.

डी-203: तिथे कोणी उत्तर देत नाही. चालू द्या तुमचं.

ए-102: सवलत थेट प्रवाशाला द्या. साधं आहे.

सी-501: दुसरी बाजूही बघा. फिनलंडमधल्या हेलसिंकीची कुट्सुप्लस ही मागणीनुसार मिनीबस सेवा 2012 मध्ये सुरू झाली, पुढे वाढून 15 मिनीबस. एवढ्या मोठ्या शहरात इतक्या कमी गाड्या असल्या की एका दिशेचे प्रवासी जुळत नाहीत आणि मिनीबस टॅक्सीसारखी धावते. वाढवायला निधी मिळाला नाही, 2015 अखेर बंद. म्हणून हद्द लहान मागा, आणि दारात गाडी नको. दोन-तीनशे मीटरवर ठरलेले थांबे ठेवा, वळसे वाचतात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी मात्र दारापर्यंत.

ई-401: ठेकेदाराला पैसे कसे द्यायचे, यावर कोणीच बोलत नाही. किलोमीटरवर दिले तर रिकामी गाडी फिरवतो. फेरीवर दिले तर लांबचा, रात्रीचा कॉल टाळतो. सेवेच्या तासावर द्या, आणि नाकारलेल्या कॉलवर व ठरल्यापेक्षा जास्त थांबायला लावलं तर दंड लावा. नोंदी पालिकेच्या ताब्यात हव्यात, नाहीतर दंड कशाच्या आधारावर लावणार?

बी-304: आणि साध्या फोनवरून बुकिंग. नुसतं ॲप ठेवलं तर ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच बाहेर राहतात.

ए-102: मी पुन्हा सांगतो, टॅक्सीला सवलत.

सचिव: काका, तुमचं मत नोंदवलं आहे. 401, दंडाच्या अटी दोन ओळींत पाठवा. उद्या सकाळी सह्या घेऊ.