डिपेंड ऑन, गुड ॲट, अफ्रेड ऑफ... कोणाच्या मागं काय लागते हे कसं ध्यानात ठेवता राजेहो?

दारव्हेकर

नमस्कार राजेहो. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला आहो, बीए झालं, आता तलाठी न बँक दोन्हीचा अभ्यास करून राहिलो. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत बसतो, लाइन असली तं रात्रीपर्यंत. गणित जमते, मराठी तं आपलीच आहे, इंग्रजीत टेन्स, व्हॉइस हेही निघून जाते पण प्रिपोझिशन आलं की डोस्कं गरम. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते न एकेक २ मार्काचा, म्हणून सोडून देणंही परवडत नाई.

क्लासमधून लिस्टची झेरॉक्स भेटली आहे, ए पासून लावलेली. ॲबाइड बाय, ॲबाउंड इन, ॲब्सॉर्ब्ड इन, ॲकस्टम्ड टू असं चालूच. सी पर्यंत जाईस्तोवर ए वालं पुसून जाते. अन् मले हे सांगा, अँग्री ऑन मी काऊन चालत नाई? माणूस रागावते तं कोणावर तरीच रागावते न? याच्यात काही लॉजिक आहे की नुसतं घोकायचं?

अंजनगावचे सर

बाबू, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. रागावते तं कोणा"वर", म्हणून तुझ्या हाताखालून ऑन निघते. चूक इंग्रजीच्या ए-बी-सी-डी प्रमाणं होत नाही, आपल्या मराठीच्या प्रत्ययाप्रमाणं होते. मग लिस्ट तरी इंग्रजीच्या क्रमानं कायले लावायची? तीच झेरॉक्स समोर घे अन् वहीत नव्यानं लिही, पानाच्या डोक्यावर मराठी प्रत्यय टाकून.

पहिलं पान "वर"चं घे. आपण एका वरमध्ये सगळं भागवतो. बापावर अवलंबून, देवावर विश्वास, पोरावर राग, लोकं माझ्यावर हसले, मास्तर माझ्यावर ओरडला. इंग्रजीत बघ काय होते: डिपेंड ऑन, बिलीव्ह इन, अँग्री विथ, लाफ ॲट, शाउट ॲट. पाचपैकी एकाच ठिकाणी ऑन आलं. म्हणजे डिपेंड ऑन पाठच नाही करायचं, ते तुले आपोआप येते, त्याच्यावर टाइम घालवू नको. बाकीच्या चारवर घाल. त्याच पानावर खाली हेही लिही की टीका कोणावर करतो पण क्रिटिसाइजच्या मागं काहीच लागत नाही, सरळ क्रिटिसाइज द गव्हर्नमेंट. मात करतो कशावर तरी, पण ओव्हरकमलेही काही नको.

दुसरं पान "ले". तुमच्याकडं नि आमच्याकडं ले म्हणतो, पुण्यात ला. सापाले भेते, अफ्रेड ऑफ. कामाले कंटाळला, टायर्ड ऑफ. नुकसानीले जबाबदार, रिस्पॉन्सिबल फॉर. थंडीले सरावला, यूज्ड टू. मले समजावून सांग, इथं पोट्टे हमखास एक्सप्लेन मी लिहितात, तिथं एक्सप्लेन टू मी पाहिजे. अन् गावाले पोचलो तं रीचले काहीच नको, रीच्ड द व्हिलेज, पण तेच अराइव्ह वापरलं की अराइव्ह ॲट लागते, मोठं शहर असलं तं अराइव्ह इन.

तिसरं पान "शी". लग्न कोणाशी, तरी मॅरी हर, विथ नाही. झालेलं असलं तं मॅरीड टू. मामाशी तोंड जुळते तं रिझेंबल्सच्या मागं काही नाही. पण भांडण शेजाऱ्याशी तं फाइट विथ, इथं आपला शी सरळ जुळला.

चौथं पान "नं" अन् "पासून"चं. विहीर पाण्यानं भरली, फिल्ड विथ म्हण की फुल ऑफ म्हण, दोन्ही बरोबर, फक्त अदलाबदल करू नको. टेबल लाकडापासून, मेड ऑफ, कारण लाकूड दिसून राहिलं. दही दुधापासून, मेड फ्रॉम, दूध आता दूध राहिलं नाही.

अशी पाच-सहा पानं होतील, जास्त नाही.

कोयलासिटी_वणी

सरांचं बरोबर आहे, मी एक्झामच्या बाजूनं सांगतो कारण मी बँकेच्या पेपरातले एरर शोधायचे प्रश्न लय सोडवले. पेपर काढणाऱ्याले तीनच जागा आवडते.

एक, जिथं काहीच लागत नाई तिथं मुद्दाम घुसवलेलं. डिस्कस अबाउट, ऑर्डर फॉर, रिक्वेस्ट फॉर, एम्फसाइज ऑन, कोप अप विथ मधलं ते अप. याची चावी अशी की बहुतेक ठिकाणी नाम झालं की प्रिपोझिशन लागते अन् क्रियापद झालं की उडते. वुई डिस्कस्ड द मॅटर पण डिस्कशन अबाउट द मॅटर. ही डिमांडेड मनी पण डिमांड फॉर मनी. एम्फसिस ऑन. ही लॅक्स करेज पण लॅक ऑफ करेज. आमच्या चंद्रपूर साइडचं लक्षात ठेवा, द टायगर अटॅक्ड द मॅन, मधात काही नाई, पण पेपरात बातमी आली की टायगर अटॅक ऑन अ मॅन. एंटर मात्र सांभाळून, खोलीत शिरला तं एंटर्ड द रूम, करार केला तं एंटर्ड इंटू ॲन ॲग्रीमेंट.

दोन, सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर. हे लॅटिनमधून आले, तिथं ते आधीच तुलनेचं रूप आहे, म्हणून यांच्या मागं दॅन नाई, टू. प्रिफरलेही टू, आय प्रिफर टी टू कॉफी.

तीन, टू च्या मागं आयएनजी. लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू, यूज्ड टू वर्किंग, ऑब्जेक्ट टू पेइंग. पोट्टे टू दिसला की डोळे लावून मूळ क्रियापद लिहितात, तिथंच २ मार्क जातात. टू च्या मागचं क्रियापद काढून तिथं इट (it, म्हणजे ते) टाकून पाहायचं, आय लुक फॉरवर्ड टू इट होते न, मग तो प्रिपोझिशनवाला टू, आयएनजी लावा. आय वाँट टू इट होत नाई, तिथं आयएनजी नाई.

बोलतोच_मग

सगळं ठीक आहे पण पोट्ट्याले उगाच लॉजिकच्या नादी लावू नका. भाषेत लॉजिक नसते. गुड ॲट काऊन तं गुड ॲट म्हणून. रोज २० पाठ करायचे, सकाळी म्हणायचे, विषय खतम. आम्ही असेच पास झालो.

अंजनगावचे सर

@बोलतोच_मग भाऊ, सगळ्यात नसते हे मान्य, पण काहीत आहे अन् जिथं आहे तिथं फुकटचं का सोडायचं. ॲट मध्ये नेम धरणं आहे. लुक ॲट, शाउट ॲट, लाफ ॲट, पॉइंट ॲट. संत्र्याच्या बागेत वानर आलं अन् तुम्ही दगड हाणला तं थ्रू अ स्टोन ॲट द मंकी. तेच देवळापाशी त्याले केळ टाकलं तं थ्रू अ बनाना टू द मंकी. फेकणं तेच, पण एकात त्याले लागावं म्हणून अन् एकात त्याले भेटावं म्हणून. हे एकदा डोळ्यापुढं आलं की शाउट ॲट अन् शाउट टू मधला फरकही कळते, पहिल्यात रागावला, दुसऱ्यात दूरच्याले ऐकू जावं म्हणून ओरडला.

तसंच वाट पाहणं, मागणं, शोधणं असलं की बहुतेक फॉर: वेट फॉर, आस्क फॉर, अप्लाय फॉर, सर्च फॉर. वाचवणं, अडवणं, सुटणं असलं की फ्रॉम: सेव्ह फ्रॉम, प्रिव्हेंट फ्रॉम, रिकव्हर फ्रॉम. उरलेलं घोका, त्याले माझी ना नाही. कन्सिस्ट ऑफ अन् कम्प्राइज नुसतं, याचं कारण सांगत बसलो तं पेरणी निघून जाईन.

परतवाड्याची_ताई

मी जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी शिकवते. आपल्या राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी लेकरं दहावीला जाऊन लिसन मी म्हणतात, कारण आपण त्यांना लिसन म्हणजे ऐकणे असं एकटं शिकवलं. वहीत लिसन असं लिहायचंच नाही, लिसन टू असं जोडूनच लिहायचं, त्याच्यासमोर अर्थ. दादा, तुम्ही पण तसंच करा, आणि प्रत्येकाला आपल्या घरचं वाक्य लावा. माय फादर इज वरीड अबाउट द रेन. द ट्रेडर इज नॉट सॅटिस्फाइड विथ द कॉटन. पुस्तकातला मिस्टर स्मिथ लक्षात राहत नाही, कापूस परत करणारा व्यापारी राहतो. शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी मोबाइलवर फुकट दिसते, शब्दाखाली उदाहरणात प्रिपोझिशन ठळक केलेलं असते. गुगलला मराठीतून विचारू नका, तो पुन्हा तुम्हाला "वर" म्हणजे ऑनच देईन.

दारव्हेकर

सर, ताई, वणीवाले भाऊ, लय उपकार झाले. "वर"चं पान आजच काढलं, केअरचं काय करू समजून नाई राहिलं. अन् तीन शंका. गुड इन मॅथ्स लोकं बोलतात ते चूक का? डिफरंटच्या मागं फ्रॉम की दॅन? अन् ॲग्रीच्या मागं कुठं विथ, कुठं टू, कुठं ऑन दिसते, ते कसं?

कोयलासिटी_वणी

पेपरात गुड ॲट लिहा. डिफरंट फ्रॉम कुठंही चालते, दॅन अमेरिकेत चालते, इंग्लंडात बोलताना टू पण म्हणतात, पण तुमचा पेपर फ्रॉम मागते.

परतवाड्याची_ताई

केअरचं पान वेगळं काढा. केअर फॉर म्हणजे सांभाळणे, म्हाताऱ्या आईची सेवा करणे. केअर अबाउट म्हणजे फिकीर असणे. टेक केअर ऑफ म्हणजे काळजी घेणे, तिथं केअर नाम झालं.

अंजनगावचे सर

ॲग्रीचं ताईच्याच व्यापाऱ्यावर सांगतो. तो म्हणे कापूस ओला आहे, तुले पटलं तं यू ॲग्री विथ द ट्रेडर. माणसाशी किंवा त्याच्या मताशी विथ. तो म्हणे उद्या काटा करू अन् तू हो म्हटलं तं यू ॲग्री टू द प्रपोजल. दोघं बसून भाव ठरवला तं यू बोथ ॲग्री ऑन द प्राइस. इथं मात्र भावावर एकमत म्हणजे ऑनच, तुझ्या "वर"च्या पानावर डिपेंडच्या शेजारी टाकून दे.