नव्या मित्रांना जेवायला: गोळाभात करा

परदेशात नवे मित्र पहिल्यांदाच घरी जेवायला येणार, पनीर-नान सोडून काय करू, असं विचारलंय तुम्ही. आम्ही विदर्भातल्या दारव्ह्याकडचे. पोरगी जर्मनीत शिकते, तिनं मागच्या हिवाळ्यात गोळाभात केला. मी इथून व्हिडिओ कॉलवर.

चण्याची डाळ चारेक तास भिजवून जाडसर वाटायची, पार गंध करायची नाही. तिखट, मीठ, हळद, ओवा घालून लिंबाएवढे गोळे. भात अर्धा शिजला की ते त्यात खोचायचे अन् झाकण. खरी मजा वाढताना: गोळा भातात कुस्करायचा, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. कुस्करणं पाहुण्यांच्याच हातानं होऊ द्या. मोहरी मात्र युरोपात ॲलर्जीच्या 14 पदार्थांच्या यादीत आहे, आधी विचारून घ्या. अन् फोडणीआधी खिडकी उघडा! तेलात लाल मिरची पडली अन् पोरीच्या खोलीतला धुराचा भोंगा जो बोंबलला, शेजारी दारात.

हो, मी सामानाच्या यादीत ‘सांबार’ लिहिलं होतं. तिची पुण्याची रूममेट सांबार मसाला घेऊन आली. आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला कोण सांगणार?