मदत हवी आहे: एनर्जी मॉडेलमध्ये कुठली विंड टर्बाइन टाकू?

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. २०४० सालचं एनर्जी मॉडेल करतोय, तासातासाचं, वाऱ्यासाठी ईआरए५ चा (जगभरच्या जुन्या हवामानाचा तासातासाचा डेटा) १०० मीटर उंचीवरचा वेग घेतलाय, इथवर ठीक. पण पॉवर कर्व्ह, म्हणजे किती वाऱ्याला किती वीज हा आलेख, कुठल्या मशीनचा घ्यायचा इथे गाडी रुतलीये. जुन्या फाइलमध्ये आधीच कुणीतरी व्हेस्टासची व्ही९० ३ मेगावॉट टाकून ठेवलेली, ती चालवली तर कपॅसिटी फॅक्टर (पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज खरंच मिळते) २० टक्क्यांच्या आसपास, आणि सहज म्हणून व्ही११२ ३ मेगावॉट टाकली तर थेट ३१! वारा तोच, मेगावॉट तेवढेच, फक्त रोटर, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचा व्यास, ९० चा ११२ मीटर झाला. मला वाटलं कोडमध्येच घोळ आहे, अख्खी संध्याकाळ त्यात घातली. शेवटी कागदावर भागाकार केला, मेगावॉट भागिले पाती फिरतात ते क्षेत्रफळ, तर पहिलीला चौरस मीटरमागे ४७० वॉट आणि दुसरीला ३०५. म्हणजे जनरेटर तेवढाच पण पातं मोठं, मग मंद वाऱ्यातही तो लवकर भरतो. आमचा सरासरी वेग जेमतेम ६.५ मीटर प्रति सेकंद, त्यामुळे फरक डोळ्यावर येतो.

पंचाईत अशी की मॉडेल सोलर उचलणार की वारा हे या एका फाइलवर ठरतंय! सगळीकडे एकच टर्बाइन ठेवू की जागेप्रमाणे दोन-तीन? तुम्ही काय करता?

प्रतिसाद १: व्ही९० ३ मेगावॉट ही जोरदार वाऱ्याची मशीन, ६.५ ला ती कुणी उभीच करणार नाही. आयईसीचे (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्था) टर्बाइनचे क्लास बघा, सरासरी वेग क्लास १ ला १०, २ ला ८.५, ३ ला ७.५ पर्यंत, तुमची जागा तिसऱ्यात बसते. २०४० साठी मी व्ही१५० ४.२ मेगावॉटसारखी घेईन, चौरस मीटरमागे २४० वॉटच्या आसपासची, आणि जोरदार वाऱ्याच्या सेलना (डेटाच्या नकाशातल्या चौकटींना) वेगळी. पण खर्चही त्याच मशीनचा टाका, कर्व्ह मोठ्या रोटरचा आणि किंमत जुन्या मशीनची असं झालं की वारा फुकटात जिंकतो. अजून एक, ईआरए५ चा एक सेल साधारण ३० किलोमीटरचा, त्याला एकट्या मशीनचा कर्व्ह जसाच्या तसा लावू नका, थोडा स्मूथ करा. डोंगराळ भाग असेल तर ईआरए५ वारा कमी दाखवतो, ग्लोबल विंड अ‍ॅटलसशी ताडून घ्या, नाहीतर ती तूट भरून काढायला तुम्ही नकळत रोटर मोठा करत बसाल.

धागाकर्ता: अरे देवा, खर्च व्ही९० चाच राहिलाय आमच्यात. आज रात्री परत रन लावतो.